तळटीप

सेर्रोच्या टेकडीखाली आमची रात्रशाळा.
बंदरावरचा वारा खिडकीच्या फटीतून आत येतो
आणि बत्तीस निबंध चाळून बघतो,
माझ्या आधी.

विषय मीच दिला होता:
'एक विचारवंत घ्या. त्याच्याशी भांडा.'
भांडलं फारसं कुणीच नाही.
परक्याच्या लग्नात अहेराचं पाकीट देऊन
लोक जसे पंगतीकडे सरकतात
तसे आले बहुतेक, वाकून नमस्कार करून.

बाल्तासार गोदीतला पहारेकरी.
त्यानं घेतला काळावर चार खंड लिहिणारा तत्त्वज्ञ.
'रात्री दोन ते चारच्या मधे काळ नसतो,
फाटकाची कडी असते फक्त.
हे दुसऱ्या खंडात सुटलंय.'
मी समासात लिहिलं: पुरावा?
मग खोडलं.

यामांडू मांसाच्या कारखान्यात आतडी धुतो.
किमतीला सगळं कळतं म्हणणाऱ्या अर्थतज्ज्ञावर
त्याचं दीडच पान, तेही कोपऱ्यात ओलं होऊन सुकलेलं.
'गाईच्या कानात नंबर असतो, किंमत बाजारात असते.
गाईला दोन्ही वाचता येत नाहीत.
पहिलं वर्षभर मलाही येत नव्हतं.'
शुद्धलेखनाच्या चुका एकवीस.
मी एकोणीसच मोजल्या.

नीबियाबाई साठीच्या, बटणं लावून देतात.
थोर कादंबरीकाराला त्यांचा एकच प्रश्न:
'नायिका मेली त्या दिवशी
मोलकरणीनं चूल पेटवली का?
तीनदा वाचलं. सांगितलेलं नाही.'

आणि मग दाइआनाची वही.
एकोणीस वर्षांची, फार्मसीतून थेट वर्गात येणारी.
तिसऱ्या पानावर, कुठलाही गाजावाजा न करता, हे वाक्य:
'मत म्हणजे दमून खाली बसलेली शंका.'

अवतरणचिन्ह नाही. तळटीप नाही.
लाल पेन आपोआप ताठ झालं.
नक्कल करणाऱ्याला भोपळा, हा शाळेचा नियम,
आणि तो मीच तर फळ्यावर लिहिते दर मार्चात.

आधी शिक्षकांच्या खोलीतली कपाटं पाहिली,
मग घरातली, मग पलंगाखालचा बिस्किटांचा डबा.
त्यात माझाच निबंध निघाला, निळ्या कार्बनवरचा,
शाळेत पुस्तकं परत आली त्या वर्षीचा.
पान चार. वाक्य तेच.
बाजूला आमच्या सरांची रेघ, आणि 'उत्तम'.

म्हणजे इतकी वर्षं मी वर्गात
ते पदरचं असल्यासारखं वाटत आलेय,
आणि मुलीनं पदर धरला, एवढंच.

पण माझ्या तरी पदरी ते कुठून आलं?
सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या आठवतात.
कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं,
मी एक पायरी खाली, चपलेचा पट्टा लावत.
चेहरा आठवत नाही. बूट आठवतात,
तपकिरी, एका नाडीला गाठ मारलेले.
तेव्हा मीही तळटीप दिली नव्हती.
बुटांची कशी देणार?

नऊला मधली सुट्टी होते तेव्हा
यामांडूचा थर्मास निघतो.
येर्बाचा कडू पाला भोपळ्यात,
वर गरम पाणी, उकळतं मात्र नाही,
आणि धातूची नळी एकच, सगळ्यांना.
बाल्तासारचं उष्टं नीबियाबाई पितात,
नीबियाबाईंचं दाइआना, तिचं मी.
नळी पुसणाराच इथे गावंढळ ठरतो.
आणि आभार मानायचे नसतात मधेच.
'आभार' म्हणालात की समजायचं, पुरे झालं,
पुढच्या फेरीत तुमचा हात वगळतात.

दाइआनानं कुणाचेच आभार मानलेले नाहीत.

वारा पडलाय. तिची वही अजून उघडीच,
गुणांचा चौकोन रिकामा.
नियम तो नियम.
उद्या नऊ वाजता सगळ्यांसमोर
तिला भोपळा देईन,
काठोकाठ भरून,
ती नको म्हणेपर्यंत.